दिवाळीसाठी जुन्या नऊवारीच्या टेबल मॅट: माप, अस्तर, महिरप?

डोंबिवलीकरीण
मंडळी, भाऊबीजेला यंदा दोन्ही नणंदा सहकुटुंब आमच्याकडे आहेत. सासूबाईंना गुडघ्यांमुळे पाटावर बसवत नाही, म्हणून मुलाने जेवणाचं टेबल घेतलं, पाच फूट बाय तीन फूट, सहा खुर्च्या. (उरलेले दुसऱ्या पंगतीला. त्याला इलाज नाही.) सासूबाईंचं म्हणणं, टेबल आलं ते ठीक, पण ताटाभोवतीची महिरप गेली. टेबलावर रांगोळी घातली तर पंख्याच्या वाऱ्याने ती वरणात येणार. बाजारातली सोनेरी जाळीची प्लॅस्टिकची मॅट दाखवली, तर "ह्यावर जेवायचं?" एवढंच म्हणाल्या. मग स्वतःच ट्रंक उघडून आपल्या सुती नऊवारी काढून दिल्या. "काप गं. पेटीत ठेवून कसर खायची."

मशीन आहे. फॉल-पिको, उशीचे अभ्रे एवढं येतं. माप काय घेऊ? नेटवर सगळीकडे १८ बाय १२ इंच सांगतात. आत फोम घालू की फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटतं ते अस्तर)? एक साडी गडद जांभळी, लाल काठाची आहे, तिचा रंग जाईल का? आणि मला मॅटवर धावदोऱ्याने महिरप काढायची आहे, ती नेमकी कुठे येईल? रेडीमेड घ्या हा सल्ला नको, तो आमच्या यजमानांनी देऊन झालाय.

पायमशीन, इचलकरंजी
१८ बाय १२ हे काट्या-चमच्याच्या जेवणाचं माप. दहा-साडेदहा इंची प्लेट आणि दोन्ही बाजूंना काटे-सुऱ्या. आपलं ताट बारा इंची आणि वाट्या ताटातच. म्हणजे रुंदी कमी चालते, खोली जास्त लागते.

आता टेबलाचा हिशेब. ६० बाय ३६ इंच. दोन टोकांना १३ इंच खोलीची एकेक मॅट ठेवली की लांबीतले २६ गेले, उरले ३४. त्यात लांब बाजूला १८च्या दोन मावत नाहीत, कोपऱ्यात टोकाच्या मॅटवर चढतात. १६च्या दोन मावतात. म्हणून १६ बाय १३ करा. समोरासमोरच्या दोन मॅटच्या मध्ये १० इंच राहतात, तिथे तूप, लिंबू, चटणी. भाताचं पातेलं टेबलावर आणूच नका, ओट्यावरून वाढा.

फोम नको. मॅट लुसलुशीत झाली की पेला डुलतो. ताट काही चुलीवरून उतरून येत नाही, मग जाडी कशाला? जुन्या सुती चादरीचा एक थर मध्ये, मागे मांजरपाट. पण साडी वर्षानुवर्षं धुतलेली आहे, ती आता आटायची नाही. कोरा मांजरपाट आटतो. तसाच लावलात तर पहिल्याच धुण्यात पाठ आक्रसून पुढे चुण्या पडतील. आधी रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा.

साडी उजेडासमोर धरून बघा. बसण्याच्या जागी आणि काष्ट्याला विरलेली असते. तो भाग सोडून द्या. सुई १६ नंबर, टाका मोठा.

रंगासाठी साडीचा कोपरा ओला करा, पांढऱ्या फडक्यात घालून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर उमटला तर ती साडी बाद. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, मी त्यावर विसंबत नाही.

बेळगावची आत्या
पायपिंगच्या भानगडीत पडू नका हो. आमच्या खाली उत्तर कन्नडात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या बायका कवंदी शिवतात, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी. कडा आधीच आत दुमडतात, आणि कडेकडेने धावदोरा घालत घालत मध्यावर येऊन संपवतात. वेगळी पट्टी लागतच नाही. चार कोपऱ्यांना त्रिकोणी घडीची फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली म्हणत नाहीत. मॅट तेवढ्या हाताने शिवा, मशीनपेक्षा मऊ होतात.

महिरपीचं म्हणाल तर गोल काढू नका, अख्खी ताटाखाली जाईल. १३ इंचात बारा इंची ताट ठेवल्यावर वरखाली अर्धा-अर्धा इंचच उरतो. डावीउजवीकडे दोन-दोन इंच मोकळे, साडीचा काठ तिथे उभा लावा. महिरप कोपऱ्यांत काढा. पेला ज्या कोपऱ्यात ठेवता तो मात्र साधा सोडा, नाहीतर डोळे फोडून काढलेलं कमळ पेल्याखाली.

डोंबिवलीकरीण
वर्तमानपत्राचे १६ बाय १३चे सहा तुकडे कापून टेबलावर मांडले. बरोब्बर बसतात! यजमान स्वतः फूटपट्टी घेऊन मोजायला आले, आता रेडीमेडचं नाव काढत नाहीत.

जांभळी नापास झाली. फडकं वांग्याच्या रंगाचं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, "बरं झालं, माझ्या मंगळागौरीची होती ती." मग दिलीत कशाला, हे विचारायची माझी काय हिंमत! हिरवी आणि मोतिया रंगाची पास आहेत.

आणखी एक. वरणाचे डाग पडणारच. मोतियावर तर हमखास. काय करता?

पुणेरी खवय्या
मी शिवत नाही, फक्त सांडतो, त्यामुळे हा विषय माझा.

हळदीच्या डागाला साबण लावलात की तो लाल होतो. डाग वाढला असं वाटतं, पण तसं नाही. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कलीत लाल दिसतं, खळबळून धुतलं की परत पिवळं. ते उन्हात टिकत नाही. साबणाने धुऊन मॅट ओलीच उन्हात टाका, डाग फिका होत जातो. मात्र जुन्या साडीचा रंगही उन्हात उडतो, तेव्हा हिरवी डाग गेला की लगेच उचला. तुपाचा डाग असेल तर पाणी लावण्याआधी भांड्यांचा साबण चोळून ठेवायचा.

आणि सहा कशाला, आठ शिवा. दुसरी पंगत बसायच्या आत पहिल्या पंगतीतली एखादी तरी श्रीखंडात बुडालेली असते.

डोंबिवलीकरीण
आठ होतील एवढं कापड निघतंय. आत्या, ते फुलाचं सांगा ना. केवढा तुकडा घेता, आणि नंतर टाचायचं की आधीच?

बेळगावची आत्या
तीन इंची चौकोन. तिरपा दुमडायचा, परत एकदा तिरपा. उघड्या कडा मॅटच्या दोन थरांमध्ये सरकवायच्या आणि टोक बाहेर. कोपऱ्यावरून पहिला धावदोरा जाईल तेव्हाच आत घ्या, नंतर टाचलेलं दोन धुण्यांत सुटतं. जांभळीचे तुकडे फुलांना घालू नका हं, मोह होईल.