वॉटर पार्कमध्ये काढलेल्या व्हिडिओवरून वाद झाला आहे, रविवारपर्यंत मार्गदर्शन हवे

विश्रामबागवासी (गुरुवार, रात्री १०:१२)
नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. मागच्या शनिवारी आमच्या सोसायटीतली अकरा कुटुंबे बस ठरवून एका वॉटर पार्कला गेली होती. तिथे मी माझ्या मुलाचा व्हिडिओ काढत असताना एक गृहस्थ आले आणि त्यांची पत्नी व मुलगी त्यात आल्याचे सांगून त्यांनी वाद घातला. मी त्यांच्यासमोरच तो व्हिडिओ मोबाईलमधून काढून टाकला. सुरक्षारक्षकाने मध्यस्थी केली, आम्ही एकमेकांचे नंबर घेतले आणि विषय मिटला असे मी समजलो. काल त्यांचा साताऱ्याहून फोन आला. व्हिडिओ अजून शिल्लक आहे, रविवारपर्यंत तो सगळीकडून काढल्याचे कळवा, नाहीतर आम्ही पोलिसांकडे जाऊ, असे त्यांनी सांगितले. इतक्या गर्दीत कोणाच्या तरी मागे कोणीतरी दिसणारच. ते अशी तक्रार करू शकतात का आणि मी त्यांना काय उत्तर द्यावे, एवढेच मला हवे आहे. कृपया लवकर कळवावे.

मिरजेची ताई (गुरुवार, रात्री १०:३१)
दादा, आपण लिहिलेल्या माहितीवरून उत्तर देता येणार नाही. व्हिडिओ काढून टाकला होता, तर तो शिल्लक आहे हे त्या गृहस्थांना चार दिवसांनी कळले कसे? काढून टाकण्यापूर्वी आपण तो कोणाला पाठवला होता का? त्यांची मुलगी किती वर्षांची आहे? आणि आपण नेमके कुठे उभे होतात, तलावाच्या काठावर, रांगेत की कपडे बदलण्याच्या खोल्यांजवळ? या प्रत्येक उत्तराने प्रकरण बदलते.

नियमावलीवाले (गुरुवार, रात्री १०:५०)
घाबरण्याचे कारण नाही. जी जागा सर्वांसाठी खुली आहे, तिथे छायाचित्र काढायला आपल्या देशात सरसकट बंदी नाही. तिकीट काढून आलेल्या हजारो लोकांमध्ये कोणी चुकून चौकटीत आले, तर तो गुन्हा होत नाही. त्यांना विनम्रपणे तसे कळवा आणि विषय संपवा.

कराडचे वकील काका (गुरुवार, रात्री ११:२०)
वरील मत अर्धवट आहे, म्हणून लिहितो. वॉटर पार्क म्हणजे रस्ता नव्हे. ती खासगी मालकीची जागा आहे, आणि तिकीट घेताना आपण त्यांच्या अटी मान्य करून आत जातो. बहुतेक पार्कांमध्ये कॅमेरा आणि मोबाईलविषयी काही अटी असतात, त्या आधी पाहाव्यात.

कायद्याचे म्हणाल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई ही दोन कलमे अशा वेळी सांगितली जातात. पहिले कलम, ज्या परिस्थितीत आपल्याला कोणी पाहत नसेल असे स्त्रीने गृहीत धरणे स्वाभाविक आहे, त्या परिस्थितीतल्या तिच्या खासगी कृतीच्या चित्रणासाठी आहे. दुसरे, शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीविना काढणे, प्रसिद्ध करणे किंवा पुढे पाठवणे यासाठी आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उघड्या जिन्यावर रांगेत उभ्या असलेल्या व्यक्तीचे साधे चित्रण सहसा या दोन्हींत बसणार नाही, मात्र चित्रण कसे केले आहे हे पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे बोलू नये. तक्रार देण्याचा अधिकार त्यांना आहेच. ती टिकेल का, हा पुढचा प्रश्न.

नियमावलीवाले (गुरुवार, रात्री ११:३४)
काका, म्हणजे शेवटी मी म्हणालो तेच झाले. गुन्हा होत नाही.

कराडचे वकील काका (गुरुवार, रात्री ११:४१)
तेच झाले नाही. गुन्हा होत नाही म्हणून समोरच्याने गप्प बसावे, असा अर्थ आपण काढत आहात, आणि तो अर्थ माझ्या लिहिण्यात नाही. एका बापाने फोन करून केलेल्या विनंतीला कलमाच्या भाषेत उत्तर दिले, तर न होणारी तक्रारसुद्धा होते.

विश्रामबागवासी (शुक्रवार, सकाळी ७:०५)
सर्वांचे आभार, पण मला उपदेश नको आहे, मार्ग हवा आहे. ताईंच्या प्रश्नांची उत्तरे देतो. मोठ्या घसरगुंडीच्या जिन्याखाली मी उभा होतो, कारण मुलगा वर चढत होता. व्हिडिओ साधारण पन्नास सेकंदांचा होता. तो मी तिथूनच आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, सगळेच टाकत होते, त्यामुळे ते वेगळे सांगण्याची गरज मला वाटली नाही. मुलगी नववी-दहावीतली असावी.

जुना स्टुडिओवाला, सातारा (शुक्रवार, सकाळी ८:१५)
साताऱ्यात माझा तीस वर्षे फोटो स्टुडिओ होता, म्हणून आपण उभे राहिलेल्या जागेविषयी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. घसरगुंडीच्या जिन्याखाली उभे राहून कॅमेरा वर धरला, की वरच्या प्रत्येक पायरीवर ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या बायका आणि मुली खालून दिसतात. आपले लक्ष मुलावर असेल, यावर माझा विश्वास आहे. पण भिंगाला मुलगा आणि परकी बाई यांत फरक करता येत नाही, आणि मोबाईलचे मुख्य भिंग रुंद कोनाचे असल्यामुळे आपल्याला वाटते त्याच्या दुप्पट जागा त्यात येते. वकील काकांनी सांगितलेला 'चित्रण कसे केले' हा मुद्दा नेमका इथे लागू होतो, आणि ते गृहस्थ का चिडले हेही यातच आहे.

मुलाचा व्हिडिओ हवा असेल, तर जिना सोडून द्यावा. मूल घसरून जिथे पाण्यात पडते, तिथे कठड्याबाहेर बाजूला उभे राहावे, दुप्पट झूम करून चौकट आवळावी, कॅमेरा पाण्याकडे झुकता ठेवावा आणि मूल नळीच्या तोंडाशी दिसल्यावरच बटण दाबावे. आठ सेकंदांत काम होते. मुलाचा चेहरा, पाण्याचा फवारा, हसू, सगळे मिळते आणि मागे फक्त निळी भिंत राहते. पन्नास सेकंदांच्या जिन्याच्या व्हिडिओत असे काय होते, जे या आठ सेकंदांत येणार नाही?

पोहणारा पंक्या (शुक्रवार, सकाळी ९:००)
मी दोन उन्हाळे एका वॉटर पार्कवर जीवरक्षक म्हणून काम केले आहे. स्टुडिओवाल्या काकांच्या सांगण्यात एक भर घालतो, की कठड्याच्या आत कोणीही उतरू नये. खालचे पाणी रिकामे झाल्याची खूण मिळाल्यावरच वरचा माणूस पुढच्याला सोडतो. पालक मोबाईल घेऊन त्या पाण्यात उभे राहिले, की खूण देता येत नाही, रांग खोळंबते आणि वरची मुले उन्हात ताटकळतात. शिवाय त्या वेगात येणारा माणूस अंगावर आदळला, तर दोघांनाही मोठी इजा होते. आम्ही शिट्टी मारली की लोकांना वाटायचे आम्ही त्यांचा फोटो बिघडवतो आहोत.

प्रवासी पाऊल (शुक्रवार, सकाळी ९:४०)
डिस्नेने आपल्या पार्कांमध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात सेल्फी स्टिकवर बंदी घातली, कारण राइडवर लोक त्या काठ्या बाहेर काढत होते. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश मारू नये, हा नियमही तिथे आहे, कारण एका फ्लॅशने साऱ्या बोटीतल्या लोकांचे दृश्य पांढरे होऊन जाते. आपल्याकडे कास पठारावर तर याहून वाईट स्थिती आहे. तिथे मिकी माऊस म्हणतात त्या पिवळ्या फुलांच्या ताटव्यात बसून लोक फोटो काढतात, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरलेल्या पठारावर बुटांखाली फुले चिरडली जातात.

मिरजेची ताई (शुक्रवार, सकाळी १०:०२)
कासविषयीची आपली कळकळ मलाही आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढू या. इथे रविवारची मुदत आहे. दादा, मला अजून एक गोष्ट जुळत नाही. सांगलीतल्या सोसायटीच्या ग्रुपमधला व्हिडिओ साताऱ्याच्या माणसाला कसा दिसेल? तो ग्रुपच्या बाहेर गेला आहे. कोणी नेला, हे शोधा.

नियमावलीवाले (शुक्रवार, सकाळी १०:२०)
ग्रुपमधून 'सर्वांसाठी डिलीट' करा, म्हणजे प्रश्न मिटेल.

इस्लामपूरची ऊर्मी (शुक्रवार, सकाळी १०:४५)
ते आता होणार नाही. व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी डिलीट करण्याची मुदत दोन दिवसांहून थोडीच जास्त असते, आणि शनिवारी पाठवलेल्या व्हिडिओची ती केव्हाच उलटली. शिवाय ज्यांच्या मोबाईलमध्ये आलेले व्हिडिओ आपोआप गॅलरीत साठतात, त्यांच्याकडे तो वेगळा राहिलेला असू शकतो. आता एकच उपाय आहे. ग्रुपमधल्या प्रत्येकाला स्वतः सांगून चॅटमधून आणि गॅलरीतून काढायला लावणे. गॅलरीतून काढलेलीही गोष्ट लगेच जात नाही, आयफोनमध्ये ती 'अलीकडे हटवलेले' या ठिकाणी साधारण ३० दिवस राहते, आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला व्हिडिओ कचरापेटीत ६० दिवस राहतो. म्हणजे आपण त्या गृहस्थांसमोर काढून टाकलेला व्हिडिओसुद्धा आपल्याच मोबाईलमध्ये अजून असेल. आधी तो पाहा.

विश्रामबागवासी (शुक्रवार, दुपारी १:३०)
खरे आहे, माझ्या मोबाईलच्या कचरापेटीत तो होता. आता तिथूनही काढला.

ताईंचा अंदाजही बरोबर निघाला. माझी सोळा वर्षांची भाची बसमध्ये आमच्याबरोबर होती. तिने ग्रुपवरच्या व्हिडिओला गाणे लावून इन्स्टाग्रामवर रील टाकली होती आणि त्यावर पार्कचे नावही दिले होते. तिचे खाते सर्वांना खुले आहे. त्या मुलीच्या वर्गातल्या कोणाला तरी ती रील दिसली आणि वर्गात चर्चा झाली. हे मला आज भाचीशी बोलल्यावर कळले. भाचीचा हेतू वाईट नव्हता, तिने मामेभावाचे कौतुक म्हणून ती टाकली होती. मी तिला रील काढायला सांगितली आहे. आता काढल्याचा पुरावा म्हणून आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट त्यांना पाठवू का?

मिरजेची ताई (शुक्रवार, दुपारी १:४८)
नको, दादा. आधीच्या स्क्रीनशॉटमध्ये त्यांची मुलगी असेल. जे नष्ट करायचे आहे, त्याचीच आणखी एक प्रत आपण तयार कराल आणि तीही त्यांच्याच मोबाईलवर पाठवाल.

आता मनापासून लिहिते. मलाही चौदा वर्षांची मुलगी आहे. वॉटर पार्कमध्ये भाड्याने मिळणारा नायलॉनचा पोशाख घालून पाण्यात उतरायला या वयाच्या मुली किती आढेवेढे घेतात, ते घरातल्या बाईला माहीत असते. आजूबाजूचे सगळे आपल्यासारखेच भिजलेले आहेत, या भरवशावर ती उतरते. तीच चार दिवसांच्या आत वर्गात मुलांच्या मोबाईलवर स्वतःला पाहते. तिच्या वडिलांचा फोन आपल्याला धमकी वाटला, मला तो संयमाचा वाटतो. त्यांनी आधी फोन केला आणि चार दिवसांची मुदत दिली.

नियमावलीवाले (शुक्रवार, दुपारी २:१५)
रीलची गोष्ट पहिल्याच संदेशात आली असती, तर मी तसे उत्तर दिले नसते. सोळा वर्षांच्या मुलीने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा व्हिडिओ सर्वांना खुला करणे आणि तो मामाच्या मोबाईलवर राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे आधीचे मत मी मागे घेतो.

कराडचे वकील काका (शुक्रवार, दुपारी ३:००)
आता फोन करताना क्रम असा ठेवावा, असे मला वाटते. व्हिडिओ ग्रुपवर गेला होता आणि तिथून रील झाली, हे आपण होऊन आणि न लपवता सांगावे. कोणाकडून काढून घेतला आणि कोणाकडून अजून बाकी आहे, तेही सांगावे. 'गर्दीत असे होतेच' हे वाक्य उच्चारू नये. भाचीचे वय सांगून तिला पुढे करू नये, कारण व्हिडिओ आपण काढला आणि ग्रुपवर आपण टाकला. त्यांना वडीलधाऱ्यांसमोर प्रत्यक्ष भेटायचे असेल, तर सातारा सांगलीपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. तक्रार झालीच, तर इथल्या सल्ल्यावर न राहता जवळच्या वकिलांना कागदपत्रांसह भेटावे.

जुना स्टुडिओवाला, सातारा (शुक्रवार, सायंकाळी ६:१०)
साताऱ्यात भेटायचे ठरले आणि मध्यस्थ हवा असला, तर मला कळवावे. मी येईन.

विश्रामबागवासी (शनिवार, रात्री ९:२०)
काल रात्री आणि आज मिळून ग्रुपमधल्या चौतीस जणांपैकी तेहतीस जणांकडून व्हिडिओ काढून घेतला, बहुतेकांच्या घरी स्वतः जाऊन. दोघांनी तो नातेवाइकांना पाठवला होता, त्यांच्याकडूनही काढला. एक जण कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळीला आहेत, उद्या सकाळी आठला ते घरी येतील तेव्हा मी त्यांच्या दारात असेन आणि तिथूनच साताऱ्याला फोन करीन. सोसायटीच्या पुढच्या सहलीच्या सूचनेत जिन्याखालून चित्रण करू नये आणि पाण्यातले व्हिडिओ ग्रुपवर टाकू नयेत, ही दोन वाक्ये मी आजच लिहून घेतली.

इस्लामपूरची ऊर्मी (शनिवार, रात्री ९:३५)
एक शंका आहे. भाचीने रील 'डिलीट' केली की 'अर्काइव्ह' केली? अर्काइव्ह केलेली रील लोकांना दिसत नाही, पण तिच्या खात्यात तशीच राहते आणि पुन्हा कधीही वर आणता येते. डिलीट केली असली, तरी ती 'अलीकडे डिलीट केलेले' या भागात काही दिवस राहते, तिथूनही ती काढावी लागते.

विश्रामबागवासी (शनिवार, रात्री १०:०४)
भाचीला फोन करून, फोन चालू असतानाच तपासायला लावले. अर्काइव्हच केली होती. आता दोन्ही ठिकाणांहून काढली आहे. उद्या फोनवर मुलीच्या आईशी आपण स्वतः बोलू का, असे तिने विचारले आहे. मी म्हणालो, आधी मी बोलतो, आणि त्यांची इच्छा असेल तर तुला देतो.