उझुत्राकिस: तळ्याकाठची झाडं तोडायची की ठेवायची?

पानगळ
"उझुत्राकिसच्या काठावरची झाडं तोडणं म्हणजे वारशाच्या नावाखाली कत्तल" असं काल कुणीतरी लिहिलंय. वाचून राहवलं नाही. उझुत्राकिस म्हणजे लिथुआनियातला तिश्केविच या सरदार घराण्याचा वाडा, 1902 च्या सुमारास पुरा झालेला. बाग फ्रेंच उद्यानरचनाकार एद्वार आंद्रेची, आणि तिचा सगळा जीव गाल्वे तळ्यातल्या बेटावरच्या त्राकाय किल्ल्याच्या दृश्यात. सोव्हिएत काळात इथे आरोग्यधाम झालं, मुलांची शिबिरं झाली, काठाकडे कुणी बघितलं नाही. आल्डर, विलो ही पाणकाठची झाडं आपोआप माजली आणि किल्ला झाकला गेला. ती झाडं आंद्रेने लावलेली नाहीत!

तळकाठ
कुठला किल्ला? आंद्रेच्या वेळी त्या बेटावर पडक्या भिंती होत्या. आज दिसतो तो बराचसा 1950 नंतर बांधलेला. मग मूळ दृश्य म्हणता कशाला? आणि काठ धरून ठेवतात ती आल्डरची मुळंच. बुंधे उपटलेत की बर्फ वितळताना माती थेट तळ्यात.

पानगळ
बुंधे उपटा असं लिहिलंय कुठे? जमीन गोठली की तोडायचं, म्हणजे यंत्राखाली माती दबत नाही. बुंधा जागेवरच ठेवायचा. आल्डर पुन्हा फुटतोच, म्हणून फुटवे दर एक-दोन वर्षांनी छाटायचे. काठही टिकतो, नजरही मोकळी होते.

चुनकळी
झाडांवरून एवढं रणकंदन, आणि भिंती? बाल्टिकमधल्या कित्येक वाड्यांना सोव्हिएत काळात सिमेंटची ठिगळं लागली. आत शिरलेलं पाणी सिमेंटमधून बाहेर पडत नाही, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा पापुद्राच सुटतो. हात फिरवला तर बोटाला लाल भुकटी लागते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

तळकाठ
तिथला उन्हाळा केवढासा! नुसता चुना थंडीआधी घट्ट व्हायचा कधी? सिमेंट, चुना, वाळू 1:1:6 घ्या.

चुनकळी
अजिबात नाही! जुन्या मऊ विटेला तेही कडकच. गिलावा विटेपेक्षा मऊच हवा, झिजायचं तर त्याने झिजावं. चुना-वाळू 1:3, वाळू कणीदार, धुतलेली. भिंत आधी भिजवायची, थर 10 मिलिमीटरच्या आसपास. जाड थापलात की तडे. वर काही दिवस ओलं गोणपाट, नाहीतर वाऱ्याने वाळून भुगा होतो. तापमान 5 अंशांच्या वर हवं, आणि ऑगस्टनंतर नवा थर नको. घाईच असेल तर नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यानेच लवकर घट्ट होणारा) घ्या, एवढं तुमचं मानतो.

तळकाठ
चला, सिमेंट सोडलं.

पानगळ
धागा झाडांचा होता! किल्ला नंतर बांधला, मान्य. पण आंद्रेने नजर नेली ती त्या बेटाकडेच, भिंती पडक्या असोत की उभ्या.

तळकाठ
दिशा मान्य. रुंदी नाही. अख्खा काठ बोडका करू नका. झाडांच्या दोन गटांमध्ये खिडकीएवढी फट ठेवा, बाकीच्यांच्या फक्त खालच्या फांद्या काढा. आणि फुटवे छाटायला दरवर्षी माणूस मिळणार नसेल, तर पहिलं झाडसुद्धा तोडू नका.