आईशिवायचा पहिला नाताळ, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही वसईचे कॅथलिक. आई पावसाळ्यात गेली. मावशी म्हणते, वर्षभर घरात कंदील नाही, गोठा (येशूजन्माचा देखावा) नाही, करंज्या नाहीत. बाबांचं उलट: गोठा करायचाच! रडतात, पण संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) सोडत नाहीत. तिच्यात येशू-मरियेच्या आयुष्यातल्या प्रसंगांचं चिंतन करतात, त्यांना रहस्यं म्हणतात; सोमवारी आनंदाची रहस्यं असतात. चौथ्या रहस्याशी ते हमखास थांबतात. बाळ येशूला मंदिरात आणलं आणि तिथेच शिमोनाने मरियेला सांगितलं की तुझ्या जिवातून तलवार जाईल (लूक २:३५). हे आनंदाच्या रहस्यात! मला त्याने धीर येतो, का ते नीट सांगता येत नाही.

आगमनकाळाच्या (नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांच्या) तिसऱ्या रविवारी फादर आनंदाची खूण म्हणून जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालतात, बायबलमधल्या पत्रात ‘आनंद करा’ म्हणणाऱ्या संत पौलाने ते पत्र तुरुंगातून लिहिलं, हे सगळं ठाऊक आहे. तरी करंज्या लाटायला बसलं की हात चालत नाहीत.

असा नाताळ तुम्ही कसा काढलात? चर्चमधली मिस्सा (मुख्य उपासना) आईच्या नावाने लावली आहे, पण जेवणाआधी म्हणायला छोटी मराठी प्रार्थना किंवा वाचन सुचवाल का? दुखवट्याबाबत चर्चचा काही नियम आहे, की ही नुसती आपली रीत? मावशीला न दुखावता काय सांगू?