कारखान्याच्या जुन्या कामगार फायली स्कॅन करायच्यात, सुरुवात कुठून करावी?

टाइमऑफिस_चिकोडी:
नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्यात कायम आणि हंगामी मिळून सुमारे ६०० कामगारांच्या फायली आहेत. फाइलीमागे साधारण ६० पानं: नेमणूकपत्र, सर्व्हिस बुक, पीएफ-ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन, रजा, मेमो. हंगामवार मस्टर वेगळे. जुने कागद मराठीत, पुढचे कन्नड-इंग्रजीत. एजन्सी पानामागे दर लावते आणि 'ओसीआर (स्कॅनच्या चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरनं वाचणं) केल्यावर सगळं सर्च होईल' म्हणते. मॅनेजमेंट म्हणतं, स्कॅन झालं की कागद रद्दीत. हे कितपत बरोबर?

दप्तरी:
रद्दीचं आधी डोक्यातून काढा. सर्व्हिस बुक, नॉमिनेशन आणि सही-अंगठ्याचे कागद मूळच लागतात. वारसांचा वाद उभा राहिला की अंगठा स्कॅनवरून खात्रीनं तपासता येत नाही.

ओसीआरचं म्हणाल तर टेसरॅक्टसारखं सॉफ्टवेअर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही वाचतं, पण छापील आणि स्वच्छ टाइप केलेलं. हातानं भरलेल्या सर्व्हिस बुकावर ते अक्षरशः काहीही लिहून ठेवतं. तिन्ही भाषा एकदम लावल्या तर लिप्यांची सरमिसळ करतं, ते वेगळंच. त्यामुळे सर्च होणार ती तुमच्या सूचीवर. एजन्सीला पानाचा दर देण्याआधी सूचीच्या नोंदीचा दर विचारा, खरा खर्च तिथं आहे.

सूचीत माणसागणिक एकच कायम क्रमांक द्या. हंगामी कामगाराचा टोकन नंबर हंगामागणिक बदललेला असतो, तो आधार धरलात तर एकाचे चार कामगार होतील. नाव, वडिलांचं नाव, गाव, पीएफ खाते क्रमांक असं ताडून एकत्र आणा. यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक) २०१४ नंतरचा, त्याआधी निवृत्त झालेल्यांना तो नसणार. जन्मतारखेवर फार विसंबू नका, शाळेत घालताना लावलेली १ जून अर्ध्या गावाची असते. आणि हे टाळता येणार नाही, कारण हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी दर हंगामाला ७ दिवसांच्या पगाराप्रमाणे निघते. एका हंगामाचं मस्टर दुसऱ्याच्या नावावर गेलं की तेवढे पैसे बुडाले.

निपाणी_स्कॅनिंग:
दप्तरींच्या म्हणण्यात एक भर: कन्नड अंकांतला एकचा आकडा जवळजवळ शून्यासारखाच गोल असतो, शेपटी पुसट झाली की १० चं ०० होतं. तारखा आणि खाते क्रमांक दोघांनी स्वतंत्रपणे भरावेत, जुळणार नाहीत तेवढेच मूळ कागदावर बघावेत. पत्त्यात बेळगाव, बेलगाम, बेळगावी तिन्ही येणार. कागदावरचं तसंच ठेवून शोधासाठी गावाचा वेगळा कॉलम करा.

स्कॅनिंग ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत. काळं-पांढरं केलं की जांभळे शिक्के आणि फिकी शाई उडते. मास्टर प्रत पीडीएफ/ए मध्ये, म्हणजे दीर्घकाळ जपण्यासाठीच्या पीडीएफ प्रकारात. टाचण्या, स्टेपल हातानं काढा. गंजलेलं स्टेपल ओढलं तर कोपरा सोबत येतो, उलट्या बाजूनं पाय उघडून काढायचं. ऑटो फीडरमध्ये फक्त धड, सुटे कागद. कार्बन कॉपीचे पातळ कागद आणि शिवलेलं सर्व्हिस बुक फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर). दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या पातळ पानामागे काळा कागद ठेवा, मागची अक्षरं उमटत नाहीत. सगळ्या पानांवर एकाच जागी उभी रेघ आली तर कागदात दोष नाही, फीडरच्या काचेच्या पट्टीवर धूळ आहे.

काम एप्रिल-मेमध्ये उरका. गाळप बंद, माणसं मोकळी, कागद कोरडे. पावसाळ्यात दमट कागद दोन-दोन ओढले जातात आणि एक पान गुपचूप गळतं. म्हणून प्रत्येक फाइलीची पानं आधी मोजून कव्हरवर पेन्सिलीनं आकडा लिहा, स्कॅननंतर ताडा.

टाइमऑफिस_चिकोडी:
आभारी आहे. आणि सुरक्षिततेचं? आमचे साहेब म्हणतात, प्रत्येक पीडीएफला जन्मतारखेचा पासवर्ड घालू.

सीमाभाग_आयटी:
तो पासवर्ड सूची बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणार, मग उपयोग काय? ३६,००० पानं म्हणजे साधारण १८ ते ३६ जीबी. एका पेनड्राइव्हवर मावतं, धोका तोच. डिस्कच एन्क्रिप्ट करा, म्हणजे कीशिवाय कुणाला वाचता येणार नाही. विंडोज प्रो असेल तर त्यातलंच बिटलॉकर वापरा. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवा, त्याच कॉम्प्युटरवर नको. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन. टाइम ऑफिसला हजेरी-रजा, वैद्यकीय कागद आणि मेमो वेगळ्या फोल्डरात, फक्त अधिकाऱ्याला. कुणी काय उघडलं याचा लॉग चालू ठेवा.

फाइलीच्या नावात माणसाचं नाव किंवा आधार घालू नका. कायम क्रमांक, कागदाचा प्रकार आणि तारीख पुरे, उदा. ०४१२_०३_१९८७०६१५. रोजच्या वापराच्या प्रतीत आधारचे पहिले ८ अंक झाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षिततेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. एजन्सीशी करार करताना स्कॅनिंग कारखान्यातच, तुमच्याच मशीनवर, अशी अट घाला.

तीन प्रती, त्यातली एक कारखान्याबाहेर आणि एक केबल काढून ठेवलेली. रेड (दोन डिस्कवर एकाच वेळी तीच नोंद ठेवणं) लावलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही, रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) दोन्ही डिस्क एकदमच लॉक करतं.

शेवटी कोर्टाचं: १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद हजर करताना प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश असतो, म्हणजे फाइलीवरून गणितानं काढलेला तिचा ठसा. स्कॅन होताच मास्टरचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून रजिस्टरला लावा. ओसीआर, कॉम्प्रेशन, आधार झाकणं हे सगळं कॉपीवर करा. मास्टर नुसता पुन्हा सेव्ह झाला तरी हॅश बदलतो.