मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, आता पायांना मुंग्या – बी१२ची तपासणी, गोळी की इंजेक्शन? (बजेट दीड हजार)

कराडची_वैशाली
नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, उंब्रजजवळ गावी असते. मधुमेहाला दहा-बारा वर्षं झाली. मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅपासून सुरू झालं, आता दिवसाला २००० मिग्रॅ आहे. साखर तशी आटोक्यात. पण हल्ली तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी तिला कळत नाही. रात्री उठली की भिंत धरून चालते. गावातले डॉक्टर म्हणाले, शुगर जुनी झाली की नसा अशाच होतात. मेटफॉर्मिनने बी१२ जीवनसत्त्व कमी होतं असं वाचलं, म्हणून विचारते. आई माळकरी आहे, दूध चहापुरतंच.
कुठली तपासणी करावी, आणि गोळी बरी की इंजेक्शन? सगळं मिळून दीड हजारात बसवायचंय.

सुहास_ठाणे
वैशालीताई, सुटी तपासणी करूच नका. मी दरवर्षी पूर्ण शरीराचं पॅकेज घेतो, साडेचार हजारात सत्तरच्या वर चाचण्या, घरी येऊन रक्त नेतात. बी१२, डी३, थायरॉइड सगळं त्यात येतं. माझं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) यंदा ६.३ आलं, डॉक्टरही खूश झाले. तब्येतीच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

रानातली_माणसं
अंकुरित मूग, आंबवलेलं इडलीचं पीठ आणि स्पिरुलिना द्या. आमच्या घरी गोळी कुणीच घेत नाही. निसर्गात सगळं आहे.

लॅबमधला_नंदू
स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतेक बी१२सारखं दिसणारं, पण शरीराच्या उपयोगी न पडणारं द्रव्य असतं. मूग आणि आंबवलेल्या पिठाच्या भरवशावर मुंग्या आलेल्या माणसाला ठेवू नका. शाकाहारी माणसाला बी१२ मिळतं ते दूध, दही, ताक, पनीर यांतून. चहापुरतं दूध म्हणजे काहीच नाही.

पेठकर
इंजेक्शन नको, गोळीच. आमच्या बाबांचा किस्सा सांगतो. अशक्तपणा वाटला म्हणून एका दवाखान्यात तपासणी न करताच बी१२चं लाल इंजेक्शन टोचलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी बी१२ बघायला सांगितलं, तर आकडा दोन हजाराच्या वर! आधी खरंच कमी होतं का, हे आजतागायत कुणाला सांगता आलं नाही. त्या डॉक्टरांनी मग ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, बाबांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. बाबा म्हणाले, काही होत नाहीये. तोच माझ्या मनगटावर टेकवला तर हाड थरथरलेलं स्वच्छ कळत होतं. बाबांचा चेहरा उतरला होता.

लॅबमधला_नंदू
पेठकरांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. रक्त आधी, औषध नंतर. चालू असलेल्या शक्तीच्या गोळ्यांतही बी१२ असतं, ते लॅबला सांगा. १५००मध्ये बसवायचं तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीरम बी१२ एवढंच करा. २००च्या खाली आलं तर कमतरता धरतात. २०० ते ३०० म्हणजे काठावर, तेव्हा होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) बघतात. जमलं तर ते आधीच करून टाका, पण महाग पडतं.

मधुरा_पुणे
पुण्याला आणा आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा. नसांच्या वेगाची तपासणी करून घ्या. माझ्या सासूबाईंची केली होती. खर्च झाला, पण मन शांत झालं. गोळी चालू केली त्यांनी. इंजेक्शनची गरज पडत नाही हल्ली.

औषधवाला_नगर
ताई, आईंना ॲसिडिटीची गोळी चालू आहे का? आपल्याकडे मेटफॉर्मिनसोबत पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असतं, कुणी थांबवायला सांगतच नाही. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. पुढे ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि मेटफॉर्मिनचा अडथळा तिथे येतो. म्हणजे एकाच वाटेवर दोन नाके. यकृतात साठा असतो, त्यामुळे वर्षं-दोन वर्षं काही कळत नाही. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितका धोका वाढतो.
गोळीबद्दल: १००० मायक्रोग्रॅम किंवा वरची रोज घेतली तर शोषण बिघडलेलं असूनही थोडा भाग असाच झिरपतो आणि पुरतो. जनऔषधी केंद्रात मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२चाच एक प्रकार, स्वस्तात मिळतं. माझं मत गोळीला.

सुहास_ठाणे
पॅकेजमध्ये होमोसिस्टीनही येतं हो. आत्ता ऑफर आहे.

जयंतराव_मिरज
मुळात मेटफॉर्मिनच बंद करा. मी चालणं वाढवून गोळी सोडली, आज ठणठणीत आहे. नाहीतर आधी फॉलिक ॲसिड आणि लोह द्या, रक्त वाढलं की मुंग्या जातात.

औषधवाला_नगर
जयंतराव, तुम्हाला जमलं याचा आनंद आहे, पण दोन ग्रॅमवर असलेल्या बाईंना मनाने गोळी सोडायला सांगू नका. साखर चढली तर नसांचं आणखी नुकसान. बी१२ भरून काढता येतं, त्यासाठी मेटफॉर्मिन सोडावं लागत नाही. आणि नुसतं फॉलिक ॲसिड तर अजिबात नको. रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि आतून नसांची झीज चालूच राहते.

लेस्टरकर_अनघा
इथे ब्रिटनमध्ये २०२२च्या जूनमध्ये औषध नियामक संस्थेने, एमएचआरएने, डॉक्टरांना स्पष्ट कळवलं की मेटफॉर्मिनने बी१२ कमी होणं हा सर्रास दिसणारा दुष्परिणाम आहे. लक्षणं असतील तर तपासा आणि धोका असलेल्यांची अधूनमधून तपासणी करण्याचा विचार करा. माझ्या नवऱ्याचं इथे फुकट तपासतात. वैशाली, हवं तर मी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या पाठवते, इथे मोठी बाटली मिळते.

रानातली_माणसं
माळ घातली म्हणून काय झालं, औषध म्हणून अंडं चालतं.

पेठकर
माळकरी माणसाला हे सुचवू नये. तिने सुरुवातीलाच लिहिलंय. अंड्याशिवाय उपाय आहेत, ते वर आलेत.

रानातली_माणसं
मी फक्त पर्याय दिला. आमच्या गावात माळकरी लोक आजारपणात घेतात.

मधुरा_पुणे
अंड्याचा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या. वैशाली, गोळीच सुरू कर. वर सगळे तेच म्हणतायत.

कराडची_वैशाली
सगळ्यांचे आभार. आईला रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल चालू आहे, कधीपासून ते तिलाही आठवत नाही. आमच्याच एका छोट्या लॅबमध्ये सीबीसी आणि बी१२ केलं, जाण्यायेण्यासकट हजारात झालं. रक्त देण्याआधी काहीही सुरू केलं नव्हतं.
बी१२ १५८ आलं. हिमोग्लोबिन १०.२, पण एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८४, म्हणजे नॉर्मल. बी१२ कमी असताना रक्तपेशी मोठ्या दिसायला हव्यात ना?

लॅबमधला_नंदू
लोहही कमी असलं की पेशी लहान होतात. एकीकडे मोठ्या, दुसरीकडे लहान, सरासरी मधोमध येते. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे खूप दिसतं. म्हणून नुसता सीबीसी नॉर्मल बघून बी१२ ठीक आहे असं धरू नये. डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) विचारा. आणि आणखी एक, बी१२ कमी असताना एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. उपचारानंतर आकडा उतरला तर लगेच मधुमेहाची गोळी वाढवायची-कमी करायची घाई नको.

सुहास_ठाणे
हेच पॅकेजमध्ये एकदम कळलं असतं.

कराडची_वैशाली
कराडच्या फिजिशियनना रिपोर्ट दाखवला. त्यांनी पाय तपासले, म्हणाले साखरेमुळेही असेल आणि बी१२मुळेही, दोन्ही मिळूनही असेल. पण बी१२चा भाग हातातला आहे, तो आधी भरून काढू. पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी करून बंद करायला सांगितलं, मेटफॉर्मिन तसंच ठेवलं.
तुम्ही बहुतेक सगळ्यांनी गोळी सांगितलीत, तरी आम्ही इंजेक्शन घेतोय. बधीरपणा एवढा असताना सुरुवात इंजेक्शनने करू, असं डॉक्टरांचंही मत पडलं. शिवाय आईचा गोळ्यांचा डबा आधीच भरलेला असतो. दुपारची गोळी ती बऱ्याचदा चुकवते आणि विचारलं की 'घेतली गं' म्हणते. इंजेक्शन गावातल्या उपकेंद्रातल्या नर्सताई देतात, त्या आईच्या ओळखीच्या आहेत, आई आपणहून जाते. पहिला टप्पा संपला की महिन्याला एक. अनघाताई, गोळ्या पाठवू नका, पण विचारलंत ते मनापासून आवडलं.
दूध वाढवलंय, रात्री ताकही घेते. फेरिटिन पुढच्या महिन्यात करू. चप्पल मात्र मी मागून पट्ट्याची आणली, ती निसटत नाही.

औषधवाला_नगर
बरोबर केलंत. इंजेक्शनच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघा. बधीर पायाला काटा किंवा फोड आला तरी कळत नाही.

जयंतराव_मिरज
लोहाची गोळी रिकाम्या पोटी द्या, चहाबरोबर नको. एवढं तरी माझं ऐका.

कराडची_वैशाली
ते नक्की, काका. फेरिटिन कमी आलं तर.