सल्ला हवा: सन कोरल उपाशी आणि टँकभर लाल थर, कोणाला काय भरवू?

खारट_एडिसनकर
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो, ४० गॅलनचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा) आहे, चौदा महिने झाले. मासे चारच. हॅमर, झोआ आणि मश्रूम ही कोरलं मजेत आहेत. एक फेदर डस्टर (नळीत राहणारा, पिसाऱ्याचा किडा) आहे, तोही बरा दिसतो. दोन महिन्यांपूर्वी दुकानात केशरी सन कोरल बघितलं आणि राहवलं नाही. दुकानदार म्हणाला, "फायटो घालत जा, सगळ्यांना चालतं." म्हणून रोज २० मिली बाटलीतलं फायटो (तरंगतं सूक्ष्म शैवाल) ओततोय. सन कोरल मात्र मिटलेलंच. मांस आत ओढल्यासारखं दिसतं, कडेला पांढरा सांगाडा डोकावतोय. वाळूवर किरमिजी चिकट थर आलाय. नायट्रेट ४० पीपीएम, फॉस्फेट ०.२५.
कोणाला काय, किती आणि कधी द्यायचं? बायको म्हणते, माणसांपेक्षा दगडांच्या जेवणाची काळजी जास्त.

ओहोटी
वहिनींना सांगा, दगड नाहीत, प्राणी आहेत. पण त्यांचा मुद्दा बरोबर आहे, सध्या तुम्ही त्या लाल थराला जेवू घालताय.

पंगतीत कोण कोण बसलंय ते आधी बघा. हॅमर, झोआ, मश्रूम यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस तेवढा बाहेरून लागतो, तो माशांच्या मलमूत्रातून मिळतो. हॅमरला आठवड्यातून एकदा दोन-तीन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दिलेत तर खूश होईल, नाही दिलेत तरी मरणार नाही. कोळंबीचा मोठा तुकडा मात्र देऊ नका. संध्याकाळी गिळतो, रात्री ओकतो, सकाळी ते सडत पडलेलं असतं.

सन कोरलचं सगळंच वेगळं. त्याच्यात ते शैवाल नसतंच, म्हणजे उजेडाचा पगार शून्य. तोंडात पडेल तेवढंच पोटात. आणि फायटो त्याच्या उपयोगाचं नाही. नॅनोक्लोरोप्सिस या फायटोची पेशी दोन-चार मायक्रॉनची, याला हवेत मायसिस किंवा आर्टेमिया या बारीक झिंग्यांएवढे घास. भुकेल्या माणसापुढे पिठाची धूळ उडवल्यासारखं आहे ते.

मी असं करते: दिवे मंद झाले की फ्रोजन मायसिस टँकच्याच पाण्यात वितळवते आणि चहाच्या गाळणीतून गाळते. (ती गाळणी वेगळी ठेवा, अनुभवाने सांगतेय.) गाळलेल्या पाण्याचे चार थेंब कोरलवर सोडायचे. वासाने पंधरा-वीस मिनिटांत पॉलिप (कोरलची एकेक तोंडं) फुगायला लागतात. मग प्रवाह बंद करून ड्रॉपरने प्रत्येक तोंडात एकेक मायसिस. आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या एकाच वेळी. दोन-तीन आठवड्यांत ते त्या वेळेला आपणहून उघडायला लागतं. पहिले काही दिवस काहीच उघडलं नाही तरी वास देणं सोडू नका. तोंड जरासं किलकिलं असेल तर नुकतीच फुटलेली आर्टेमियाची पिल्लं द्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतात.

टँकर_काका
एवढा उपद्व्याप कशाला? माझा १२० गॅलन सात वर्षं चालू आहे. कोरलला आजवर एक घास दिला नाही. कोरलच्या नावाने विकतात त्या अमिनो ॲसिडच्या बाटल्या म्हणजे दुकानदारांची दिवाळी.

ओहोटी
काका, मासे किती आहेत?

टँकर_काका
अकरा. दिवसातून तीनदा खातात.

ओहोटी
म्हणजे तुम्ही कोरलना भरवताय, फक्त माशांच्या मार्फत. :) सन कोरल आणून बघा, महिन्याभरात काका ड्रॉपर हातात घेऊन उभे असतील. बाटल्यांबद्दल मात्र सहमत.

मिठागर
एडिसनकर, यात एक भर. तुमच्याकडे क्लीनर श्रिंप (माशांची साफसफाई करणारी कोळंबी) असेल तर ती सन कोरलच्या तोंडातून घास ओढून काढते. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून कोरलवर पालथा घाला आणि बुचाच्या भोकातून ड्रॉपर आत घाला. अर्ध्या तासाने काढा.

आणि पंप! भरवताना बंद केला की पुन्हा चालू करायचा टायमर लावाच. मी एकदा पंप बंद करून फोनवर बोलत बसले. रिटर्न (पाणी वर परत पाठवणारा पंप) बंद झाल्यावर वरचं पाणी सम्पमध्ये (खालच्या टाकीत) उतरलं, त्याची पातळी वाढली आणि स्किमरने (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राने) कपातला सगळा काळा रस्सा परत पाण्यात ओतला. चार दिवस घराला बंदरावरच्या सुकटीचा वास. शक्य असेल तर रिटर्नबरोबर स्किमरही बंद ठेवा.

खारट_एडिसनकर
श्रिंप आहे! दोन. म्हणजे चोर घरातच आहेत. मग फायटो पूर्ण बंद करू का? फेदर डस्टरचं काय? आणि मुलाला लाल फ्लेम स्कॅलप हा शिंपला हवाय, तो पण पाणी गाळून खातो म्हणे.

ओहोटी
फायटो बंद नको, कमी करा. ५ मिली, दिवसाआड. बाटली फ्रीजमध्ये, रोज हलवायची, कुजका वास आला की सरळ फेकायची. मेलेलं फायटो म्हणजे नुसतं खत. फेदर डस्टरला ते चालतं आणि त्याचं खाणं बघण्यासारखं असतं. पिसाऱ्यावर आलेले कण तो आकाराप्रमाणे वेगळे करतो: बारीक ते तोंडात, मधले नळी बांधायला, जाडे बाहेर. म्हणून त्याला मायसिस भरवायला जाऊ नका.

फ्लेम स्कॅलप नको. मुलाची समजूत घाला. त्याला दिवसभर थोडंथोडं तरंगतं अन्न लागतं, आपल्या स्वच्छ पाण्यात तेवढं नसतं. तो लगेच मरत नाही, काही महिने हळूहळू उपाशी मरतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. कार्नेशन कोरलचंही तेच. त्याच जातकुळीतलं मऊ प्रवाळ मुख्यतः फायटोप्लँक्टनवर जगतं, हे तांबड्या समुद्रातल्या अभ्यासातून १९९५ मध्ये समोर आलं. पण समुद्र चोवीस तास वाढत असतो, आपण दोन वेळा. शिंपलाच हवा असेल तर टँक दोन वर्षांचा झाल्यावर, दिवे भक्कम असतील तर ट्रायडॅक्ना. त्याच्यात ते शैवाल असतं.

नायट्रेट उतरवायला दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदला. पण शून्यावर नेऊ नका, तिथे डायनोफ्लॅजेलेट्स (तपकिरी चिकट थर धरणारे सूक्ष्म जीव) टपून बसलेले असतात. नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या आसपास पुरे.

चिवल्याचा_बाबू
वाचून हात शिवशिवले. मी मालवणात. बुडी मारली की पोराइट्स, टर्बिनारिया ही प्रवाळं दिसतात. घरी असा टँक करायचा तर छोटा तुकडा चालेल काय?

मिठागर
अजिबात नाही, बाबू! भारतात सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. समुद्री पंखेसुद्धा. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून घरी नेऊ नका. तुम्हाला तर दारातच आहे, बुडी मारा आणि आम्हाला फोटो दाखवा.

चिवल्याचा_बाबू
बरा तर. फोटो टाकतंय, पावसाळो संपान पाणी नितळ होऊ दे.

खारट_एडिसनकर
तीन आठवड्यांनी हजेरी. बाटलीची टोपी कामाला आली. चौदापैकी नऊ पॉलिप रात्री साडेआठला उघडतात. काल तर मी ड्रॉपर धुवायच्या आधीच उघडले होते. नायट्रेट १८, लाल थर निम्म्यावर.
पण आज सकाळी फेदर डस्टरचा अख्खा पिसारा वाळूवर पडलेला! मेला का? फायटो कमी केल्यामुळे झालं का?

ओहोटी
घाबरू नका. ताण आला की ते पिसारा टाकतात आणि बहुतेक वेळा नवीन उगवतो, आधी आखूड, मग भरगच्च. कारण पाणी बदलताना खारेपणा हलला असेल किंवा श्रिंपने खोडी काढली असेल. फायटो कमी पडलं असंही होऊ शकतं. तूर्त रोज ५ मिली करा आणि नायट्रेट बघत राहा. पडलेला पिसारा काढून टाका, नळीला हात लावू नका. नळीला कुजका वास आला किंवा ती लिबलिबीत झाली तरच बाहेर काढायची.

खारट_एडिसनकर
नळी घट्ट आहे, वास नाही. थांबतो. मायसिसचा डबा फ्रीझरमध्ये मटारच्या मागे ठेवलाय, आई पुढच्या आठवड्यात येतेय. त्यावर नाव काय लिहू?

टँकर_काका
'औषध'. आमच्याकडे सात वर्षं चाललंय.