पॅकेजेसची यादी नव्या मशीनवर चालवल्यावर ऑटोरिमूव्ह गप्प का?

प्रश्न: डेबियन लिनक्सवर ‘डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स’ने जुन्या मशीनवरच्या सगळ्या पॅकेजेसची (सॉफ्टवेअरची) यादी घेतली आणि त्यातली सगळी नावं नव्या मशीनवर पॅकेज टाकणाऱ्या ‘एपीटी इन्स्टॉल’ कमांडला दिली. आता ऑटोरिमूव्ह (गरज न उरलेली पॅकेजेस काढणारी कमांड) काहीच काढत नाही.

उत्तर १: त्या यादीत डिपेंडन्सीही (दुसऱ्या पॅकेजला लागतात म्हणून आपोआप आलेली पॅकेजेस) असतात. नाव घेऊन टाकलेलं प्रत्येक पॅकेज ‘मॅन्युअल’ ठरतं, मग ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. यादी जुन्या मशीनवर, फक्त मॅन्युअल पॅकेजेस दाखवणाऱ्या ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ने बनवा आणि गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा. आत्ताच्या मशीनवर लायब्ररींना ‘एपीटी-मार्क ऑटो’ लावा, म्हणजे त्या पुन्हा आपोआप आलेल्या धरल्या जातील.

उत्तर २: यादीतलं एक जरी नाव नव्या डेबियनमध्ये नसेल तर एपीटी अख्खी कमांडच सोडून देतं. म्हणून आधी ‘--ड्राय-रन’, म्हणजे काहीही न टाकता नुसती चाचणी. शिवाय या यादीत आवृत्ती नसते, हे बहुतेकजण विसरतात.

प्रश्नकर्ता: शोमॅन्युअलमध्ये डेबियनच्या इन्स्टॉलरने टाकलेली पॅकेजेसही दिसतायत?

उत्तर १: हो, ती हातानेच गाळा.